दोन रेघांची तार

...तेच तर सांगतेय, पहिला सूर वाजला तेव्हाच खटकलं मला. फार काही नाही, इतकंसं. मार्सेलीनने दोन्ही हात ठेवले आणि आवाज आला तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा — कडा सगळ्या शाबूत, गाभा गायब. पावाच्या कडा ताटात ठेवून मधला मऊ भाग कुणी काढून न्यावा तसा. तुलाही खटकलं असेल, जेनीस, पहिल्याच बाकावर तर बसली होतीस. नाही? बरं, नाही तर नाही. थांब, तिला परत फोन लावते. वाजतोय... वाजतोय... गेला संदेशावर. ही तिसरी वेळ. आणि घड्याळ बघ, तीन वाजून वीस मिनिटं. पास्टर ग्रीअरचा हुकूम आहे — चारला जेनीस वाजवेल, त्याच्या आत मार्सेलीनला परत बोलाव, तिला पुन्हा एकदा ऐकू आणि मगच चर्चसाठी वादक निवडू. त्यांना हे सुचलं कसं? चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन अँब्रोजने कान भरले, दुसरं काय. 'पोरीचे हात चुकले नाहीत, तारेत काहीतरी आहे.' ऐंशीचा म्हातारा, कानाशी जाऊन ओरडलं तरी 'काय, काय' करतो, आणि हे बरं ऐकू आलं त्याला.

उभी काय राहिलीस बाईसाहेब, स्पीकर धर जरा. जड आहे, अँप्लिफायर आतच असतो ह्याच्या. आता नीट बघ, म्हणजे पुढे दर रविवारी मला हाका मारायला नकोत. किबोर्डच्या पाठीला ही दोन भोकं — डावा आवाज, उजवा आवाज. आपल्याकडे स्पीकर एकच, म्हणून तार डाव्यात. ही तार, टोकावर एकच काळी रेघ असलेली. दुसरं टोक स्पीकरच्या मागे, खटका 'लाइन'वर, 'माइक'वर नाही. आवाज शून्यावर ठेवून आधी किबोर्ड चालू करायचा, मग स्पीकर. झालं. आणि हे बाजूचं भोक हेडफोनचं. ह्यात ही दुसरी तार घालून स्पीकरला जोडायची नाही, कधीच नाही. हिच्या टोकावर दोन रेघा आहेत बघ. डावा-उजवा दोन्ही आवाज हिच्यातून जातात, स्पीकरला वाटतं एकाच आवाजाची ही सुलट-उलट जोडी आहे, आणि तो एकातून दुसरा वजा करत बसतो. दोन्हीकडे जे सारखं असेल ते पुसलं जातं. पियानोचा जीव सगळा त्या सारख्या भागात. तारा जोडायला कॉलेज कशाला लागतं, असं आपली आई विचारायची ना? ह्याला लागतं.

कोण आहे? — दार वाजलं ना आत्ता? वारा असेल. मला कुणी नुसतं मागून 'ऑड्रा' म्हटलं तरी दचकायला होतं, तुला ठाऊक आहे. तर काय, मार्सेलीनला दोन रेघांची तार कुणी दिली? दिली नाही कुणी, मीच जोडली. घाई होती. ती डेटनहून बसने आली, बसला उशीर, लोक येऊन बसलेले, आवाज तपासायला वेळच नव्हता... होता थोडा. पाचेक मिनिटं होती. ती म्हणाली, एकदा वाजवून बघू का, मी म्हटलं, अगं, मी तपासलंय, तू पाणी पी. एका रेघेची तार कुठे होती? होती की. पर्समध्ये होती माझ्या. अशी बघू नकोस माझ्याकडे.

बिचारी. आवाज पोकळ येतोय म्हटल्यावर जोर लावायला लागली, जितका जोर लावला तितकं ते डब्यासारखं वाजलं, आणि दुसऱ्या कडव्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागे गायक मंडळातली कुणीतरी हसली. मला वाटलं मी हसले की काय, तोंडावर हात ठेवला मी.

तुझ्यासाठी केलं असं मात्र घरी जाऊन म्हणू नकोस. गुरुवारी तालमीला ती ह्याच किबोर्डवर वाजवत होती — सरळ तारेने — तेव्हा चर्चमधल्या थोरल्या मदर हॉलिस रडल्या, आणि तू उठून न्हाणीघरात गेलीस. किती वेळ नळ सोडून ठेवला होतास, जेनीस? बाहेर मला ऐकू येत होता. तू वाईट वाजवत नाहीस गं. सुबक वाजवतेस, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखं. त्याच्यावर कुणी रडत नाही इतकंच. आणि ही जागा गेली की तू आणखी दहा वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत त्याच चार ओळी घोटणार, आणि मी भिंतीपलीकडे पडून ऐकणार. इथे वरच्या दोन खोल्या मिळतात वादकाला. जा, राहा. फक्त दर रविवारी बोटं ठेवलीस की आठवेल तुला. त्याला माझा इलाज नाही.

मग सांग ना पास्टरना. ऑफिसात बसलेत, दार उघडं आहे, दहा पावलं आहेत मोजून. मी अडवतेय का? तिची परतीची बस पावणेचारला आहे, अजून वेळ आहे. जा... नाही जात? बसलीस पण? खुर्ची जरा पुढे घे मग, कोपर वाकतंय तुझं. मी फोन लावते. मला सांगितलंय, मी लावणार. वाजतोय... वाजतोय...

हॅलो? मार्सेलीन? हो, ऑड्रा बोलतेय, चर्चमधून... रडू नकोस अशी... नाही, तार ठीक होती गं, मी स्वतः तपासली... पास्टर? नाही, ते काही म्हणाले नाहीत... बसमध्ये चढलीस? बरं झालं. नीट जा.