उंबराखालची दोरी

—बसा की सायेब, त्या मुळीवर बसा. मुंजाजी भोई मीच, आनिक कुनाला हुडकायलाव? पाय काढा पान्यातून, चावतंय! घाबरले! न्हाई वो, चावायला काय ऱ्हायलंय आता डोहात. त्या पाटीवर काय लिव्हलंय? मला अक्षर येत न्हाई. 'मासे मारू नयेत'? लय झ्याक. दोन सालं आंधी आनली असती तर — जाऊ द्या.

ती दोरी दिसली का, उंबराला बांधलेली? ओढू नका, आंधी ऐका. खाली मडकं हाय, पालथं, दगडाला अडकवलेलं. दोरी ओढली की कलंडतं अन् हवा भुडभुड वर येती. भर दुपारी कुनी जाळं घेऊन आलं की मी झाडामागं — अन् लोकं वरडायची, आसरा कोपल्या! पान्यातल्या देव्या वो, सात जनी. आश्रुबा तर धोतर हितंच टाकून पळाला! वीस वरसं हाच धंदा. का म्हन्ता? आषाढात गंगा, ही आपली गोदावरी वो, चढली की पोटुशी मासळी ह्याच डोहात येती. हितं जाळं टाकायचं न्हाई, भोयानंबी न्हाई, असं बाप सांगायचा. पर बापाचं कोन ऐकतंय? आसरांचं ऐकत्यात.

मंग निजाम गेला, पुलाचं काम निघालं, बन्सीधर गुत्तेदार आला — सुरुंगाची पेटी घेऊन. त्याची मानसंबी डोहाला भ्यायची. मंग कुनी सांगितलं त्यांला? असंल कुनीतरी. गंगाखेडच्या बाजारात, शिंदी पिऊन… लोकं लय हसायलती सायेब. बन्सीधरनं पाठीवर थाप मारली — वा बुढ्ढे, और सुनाव! मंग सुनावलं. मडकं, दोरी, आश्रुबाचं धोतर, समदं. माझ्या बोलन्याला इतकं कदी कुनी हसलं न्हवतं.

तिसऱ्या रोजी सुरुंग टाकला. आषाढच होता. हातहातभर मासळी, पांढरी पोटं वर — फुटलेली — अन् पान्यावर अंडी, ज्वारीच्या कन्यांवानी. पोत्यानं नेली. आमची कासाबाई, माझी घरवाली, काठावर हुभी व्हती. मला एक शबुद बोलली न्हाई, अजून बोलत न्हाई घरात. दोन आषाढ गेले, हितं एक शेपूट हाललं न्हाई.

तरी रोज बुडी मारतो, मडकं लावून येतो. काय करनार, हाताला सवय. ओढा आता. ओढा की! आली न भुडभुड? भ्या वाटलं का? खरं सांगा.

…न्हाईच वाटनार.

आना ती पाटी. उंबराला ठोकतो मी. उलटी झाली तर सांगा — अन् निघा, मोटार जाईल तुमची.