उजवा म्हणजे कुणाचा उजवा?

...आणि वर मलाच विचारतात, "झेंडे कुणी लावले?" अहो, एकतीस वर्षं या कचेरीचे झेंडे दुसरं कोण लावतंय? दोरी ओढणारा मी, घडी घालणारा मी, पावसात पळत जाऊन उतरवणारा मी! तुम्हाला सांगतो, एकच झेंडा असतो ना, तोवर सगळं सुखात असतं. पण परदेशी पाहुण्या बाई येणार म्हणून हुकूम आला: तीन खांब, तीन झेंडे. आपला, पाहुण्यांचा आणि नगराचा. तिन्ही एका उंचीवर. आणि खाली एक ओळ... "आपला झेंडा उजवीकडे असावा."

बरं. पण उजवा म्हणजे कुणाचा उजवा?

आदल्या दिवशी मी इमारतीला पाठ करून उभा राहिलो आणि माझ्या उजवीकडे आपला झेंडा लावला. साहेब फाटकातून आत आले, म्हणजे त्यांचं तोंड इमारतीकडे. "अरे, हा डावीकडे कसा? डोळे आहेत का बटणं?" आणि एक झेंडा हलवून भागत नाही हो! आपला सगळ्यात आधी चढणार, सगळ्यात शेवटी उतरणार. म्हणजे तिन्ही उतरवा, तिन्ही चढवा. चढवले. तेवढ्यात हेडक्लार्क पायऱ्यांवर आले, त्यांचं तोंड फाटकाकडे. चष्मा कपाळावर, नाकात बोलणं... "अहोऽ, नियमानुसार हे डावं झालं." पुन्हा तिन्ही खाली, तिन्ही वर! असं पाच वेळा, शेवटचा शब्द साहेबांचा. घरी गेलो तर खांद्यातून कळा. आमची ही तेल चोळताना म्हणते, "अहो, कुणाचा उजवा ते आधी विचारायचं ना!" विचारलं की! साहेब म्हणाले, "माझा." हेडक्लार्क म्हणाले, "माझा." निवृत्तीला अकरा महिने राहिलेल्या माणसाने कुणाचा उजवा धरायचा, सांगा तुम्हीच!

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांनी वरच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "झेंड्याचा स्वतःचा उजवा."

झेंड्याचा! झेंड्याला हात असतात?

"झेंड्याच्या जागी माणूस उभा करा," मॅडम म्हणाल्या, "इमारतीला पाठ करून. त्याचा उजवा तो उजवा." म्हणजे मी पहिल्यांदा लावला होता तोच बरोबर! पण आपलं कोण ऐकतंय? हेडक्लार्कांनी मला खांबाशी उभं केलं. "उजवा हात आडवा पसर. हं. तस्साच ठेव, हलायचं नाही, मी मॅडमना विचारून येतो." गेले आत.

आणि पाहुणे वीस मिनिटं आधी आले!

साहेब आत भांग पाडतायत, गुच्छवाल्या बाई पायऱ्यांवर, आणि समोर मी... हात पसरून, बुजगावण्यासारखा. हात खाली घेऊ? हुकूम तर "ठेव" असा! पाहुण्या बाई उतरल्या. पिकलेले केस, साध्या चपला. माझ्याकडे बघितलं, हसल्या, मान डोलावली आणि माझा हात दाखवत होता तिकडे चालायला लागल्या! मागे दुभाषी, मागे त्यांची माणसं, सगळ्यात मागे गुच्छ. आणि माझ्या हाताच्या दिशेला काय? दाखल्यांची खिडकी! सात माणसांची रांग! बाई शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

दहा पावलांवरून मला सगळं ऐकू येतंय. पुढच्या आजोबांना त्यांनी दुभाष्याकरवी विचारलं, तर आजोबा म्हणाले, "चौथी खेप. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यात तिचं नाव चुकवलंय. दुसरीच कुणीतरी बाई मेलीय त्यात." तेवढ्यात खिडकीतल्या बाई मान खाली ठेवूनच ओरडल्या, "घोळका नको! ज्याचं काम त्यानेच थांबा!" दुभाषी म्हणाला, "या पाहुण्या आहेत." "इथे सगळेच पाहुणे. रांगेत या!"

पाहुण्या बाई हसल्या... डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "मी सतरा वर्षं अशाच खिडकीत बसले. अगदी अशीच ओरडायचे."

साहेब धावत आले, अर्धा भांग पाडलेला. "मॅडम, इकडून, इकडून!" बाई जागच्या हलेनात. आजोबांकडे बोट केलं, "आधी हे." काय करतील साहेब? तिथेच नाव दुरुस्त, भिंतीला कागद टेकवून सही! चार खेपांचं काम चार मिनिटांत. आजोबांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बायकोचं नाव दोनदा वाचलं, घडी करून कागद खिशात ठेवला. जाताना माझ्यापाशी थांबले. माझा हात अजून पसरलेलाच! दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो हळूच खाली केला. "दमलास रे बाबा."

एकतीस वर्षांत, तुम्हाला सांगतो, हे म्हणणारा पहिला माणूस. आणि झेंडे? झेंडे उलट्याच क्रमाने होते. कुणी बघितलेसुद्धा नाहीत! उजवा म्हणजे कुणाचा उजवा, कुणाला पडलंय?

महिन्याभराने दोन कागद आले. एक, पाहुण्या बाईंचं आभाराचं पत्र: कचेरीचा कारभार जवळून दाखवल्याबद्दल. दुसरा, मला मेमो: मान्यवरांना चुकीची दिशा दाखवल्याबद्दल. पत्र साहेबांच्या केबिनमध्ये लागलं. फ्रेम मीच करून आणली, खिळा मीच ठोकला. आणि मेमो माझ्या फायलीत लावायला शिपाई शोधत होते...

म्हटलं द्या इकडे, लावतो.