कलम नऊ

"हॅलो?… हो ताई, बोल… ऐकू येतंय. मीच हळू बोलतेय, दारावरचा शिपाई डोळे वटारतो… नाही, अजून समितीच्या खोलीबाहेरच. आत मतदान चाललंय."

ग्रंथपाल बाई सकाळी नऊपासून त्या लाकडी बाकावर होती. आता तीन वाजत आले होते. चपला बाकाखाली सरकवून तिने टाचा गार फरशीवर टेकवल्या होत्या.

"आधी आईचं सांग. झालं डोळ्याचं ऑपरेशन?… हं. सुटले बाई… माहीतय, मी यायला हवं होतं… माहीतय म्हटलं ना! अगं ऐक ना… तारीख मी ठरवली का? परवा संध्याकाळी कळवलं त्यांनी. कोणी फिरकू नये म्हणूनच असं ऐनवेळी कळवतात."

"कसला कायदा म्हणजे? चार वेळा सांगितलंय… बरं, पाचव्यांदा. आपल्या वाचनालयात आठ कॉम्प्युटर आहेत ना? तिथे येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं. कोणी काय शोधलं, काय वाचलं, सगळं दोन वर्षं साठवायचं. मागितलं की द्यायचं… कोणालाही नाही गं, 'अधिकृत अधिकाऱ्याला'. पण कोर्टाचा कागद लागेल का, याबद्दल चकार शब्द नाही… हो, तेच कलम नऊ. आणि ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याला दारातूनच परत पाठवायचं. मग त्याने नोकरीचा अर्ज भरायचा कुठे?"

"काय म्हणालीस? 'लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला'… वा! समितीचे अध्यक्ष अगदी हेच म्हणाले. एकाच बाकावर बसायचात वाटतं शाळेत."

ती हसली, पण ते हसू ओठांपर्यंत येता येताच दमलं.

"बोलले ना. तीन मिनिटं दिली होती. चार पानं लिहून नेली होती, आकडे, दाखले… छे, कुठलं वाचतेय! सगळे माना खाली घालून मोबाइल बघत होते. शेवटी पानं ठेवली बाजूला आणि एका माणसाचं सांगितलं… तुला नाही माहीत. कोणालाच सांगितलं नव्हतं."

"एक बाई यायची दुपारची. मुलगी शाळेत असायची तेवढ्या वेळात. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायची, मागून कोणी गेलं की पान बंद करायची… छे, मी कशाला विचारतेय! एक दिवस तिचा नवरा आला. कडक इस्त्रीचा शर्ट, जिभेवर साखर. म्हणाला, 'बायको इथे काय बघते तेवढं सांगा, काळजी वाटते हो.' आणि काउंटरवर हात ठेवला… ताई, त्याच्या बोटांची पेरं सोललेली होती… हो. मलाही तेच वाटलं."

"मी म्हटलं, आम्ही नोंद ठेवत नाही. बघत राहिला नुसता माझ्या तोंडाकडे. खोटं मला पचत नाही, तुला ठाऊकच आहे. पण ते खरंच होतं गं! कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं जातं… ती? माहीत नाही. पुढच्या आठवड्यापासून आलीच नाही. मुलीचं नाव शाळेतून काढल्याचं कानावर आलं. निसटली असावी, असं मी धरून चालते."

"तो कुठे अधिकारी होता, म्हणतेस? नगर कार्यालयातल्या नोंदी विभागात होता, ताई! कलम नऊ असतं तर पत्र त्याच्याच सहीने आलं असतं… एवढं बोलले आणि घंटी वाजली."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आहेस ना?… सोड गं, तुला काय माहीत… थकले मात्र. तिसरं वर्ष हे. आधी 'मुलांची सुरक्षा' म्हणून आणलं, मग 'चोरीला आळा', यंदा 'नोंदणी सुलभीकरण'. बाटली नवी, औषध तेच. कायदा आणणाऱ्यांची पगारी माणसं थकली की दुसरी येतात. आमच्यात मी आणि वकीलकाका. त्यांनाही दम लागला म्हणून दुपारी घरी धाडलं… थांब, दार उघडलं. काय हो शिपाईदादा, झालं मतदान?… किती?… पुन्हा सांगा."

"ताई… वगळलं. कलम नऊ वगळलं! पाच विरुद्ध चार… हो, एका मताने… आनंद झालाय ना. अंगात उतरायला वेळ लागेल… कायमचं कुठलं! पुढच्या अधिवेशनात परत आणतील… हो, परत यायचं. दुसरं कोण येणार?"

खोलीतून सभासद एकेक करून बाहेर पडत होते. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी ती बोलत असताना मोबाइलवरून मान वर केली नव्हती, जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिने फोन छातीशी धरला.

"बोला ना साहेब… आमच्याकडे नाही, पण शेजारच्या शहरात आहे, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बायकांसाठी राहायची जागा… रात्रीसुद्धा घेतात… कोणासाठी हवी?… तुमची मुलगी?… आधी बसा तुम्ही. नाही, नाव नका सांगू. मला लागत नाही."

तिने बाकावर सरकून त्यांना जागा केली आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"ताई, ठेवते… कोण आलंय? कोणी नाही गं… कोणी नाही म्हटलं ना. ठेवते."