दोन्ही टोकांना पिना

नाही नाही, बूट काढू नका दादा, घालूनच या — तुम्ही बूट काढलेत तर मीच घाबरेन. तळ रबरी आहेत ना? मग झालं तर. पायरी जरा उंच आहे, आणि दाराच्या कडीला हात लावताना असा लावा — उलट्या हातानं, मी लावतेय ना, तसा. सवय झालीय आता. चार महिने मी या ट्रेलरमध्ये अशीच चढते-उतरते, गिऱ्हाइकांना वाटतं बाई नखं जपतायत. हो, फोन मीच केला होता. ह्यांनी नाही. हे केस कापायला गेलेत, आणि केस कापायला गेले की तिथली वर्तमानपत्रं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय उठत नाहीत, म्हणूनच तुम्हाला साडेदहाची वेळ दिली. तासभर आहे आपल्याकडे. जमेल ना तासाभरात?

ते बघा, ते सगळं ह्यांनी केलंय. आधी यातून कोंबड्या न्यायचे लोक. आम्ही घेतला तेव्हा आत पाऊल ठेववत नव्हतं — हे आठवडाभर नाकाला रुमाल बांधून घासत बसले होते. तीस वर्षं माल पाठवायच्या खात्यात काम केलं ह्यांनी, कुठल्या खोक्यात काय आहे ते न उघडता सांगायचे, आणि मग कंपनीच बंद झाली. एक वर्ष नुसते खिडकीशी बसून होते, दादा. दाढी सुद्धा मी म्हटल्याशिवाय करत नव्हते. मग मी म्हटलं, माझं शिवणकाम घरात मावत नाही, मला चाकांवरचं दुकान करून द्या — आणि माणूस उठला. वाचनालयातून पुस्तक आणलं, रंगीत पेन्सिलींनी नकाशे काढले, लाल वायर इकडे, काळी तिकडे, हिरवी — ती अर्थिंगची म्हणतात ना, त्या हिरवीचं काय करायचं ते त्या पुस्तकात पुढच्या भागात होतं म्हणे, आणि पुढचा भाग वाचनालयात नव्हता. तर घरी उभा असला की घरच्या लाइनवर चालवायचा आणि बाहेर नेला की जनरेटरवर, अशी सगळी योजना. अक्षर बघा किती सुरेख आहे. प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी. ‘इस्त्री’, ‘दिवे’, ‘पंखा — सावकाश’. आणि ही मोठी चिठ्ठी — ‘एका वेळी एकच. घर किंवा जनरेटर.’ चिठ्ठीच होती फक्त, बरं का. दोन्ही एकदम चालू झालं तर अडवायला दुसरं काही नव्हतं. चिठ्ठी आणि मी.

म्हणून फोनवर म्हटलं, ते लक्षात आहे ना? आतून तुम्हाला काय बदलायचं ते बदला, सगळं उपसून टाका हवं तर, पण वरून हात लावल्यासारखं दिसता कामा नये. चिठ्ठ्या जिथल्या तिथे. ही तिरकी पट्टी तिरकीच ठेवा, ती ह्यांनी दोनदा काढून लावलीय. तुम्हाला विचित्र वाटत असेल. प्लंबरलाही वाटलं होतं. काय आहे, स्वयंपाकघरातला नळ ह्यांनी दुरुस्त केला, तर त्यातून यायचं ते पाणी भिंतीतून यायला लागलं, मग हे बहिणीकडे गेले असताना मी प्लंबरला बोलावलं — तो म्हणाला, पाना जुना वापरू का, म्हणजे ओरखडे तसेच दिसतील. भला माणूस. मग सुतार. फळी ह्यांनी ठोकली होती, ती मी परत ठोकून घेतली, अगदी तेवढीच उतरती, नाहीतर लक्षात आलं असतं. दारावरची घंटा दोनदा. फसवणूक कसली त्यात? आजारी माणसाला आपण बरे दिसताय म्हणतोच की. तसंच हे. आणि कुणाचं नुकसान आहे का? माणूस शीळ घालत घरात हिंडतो हल्ली. वर्षभर खिडकीशी बसलेला माणूस, दादा.

पण ती पहिली वायर — तुम्ही त्या जातीच्या वायरी बघितल्या असतील, मी नव्हत्या बघितल्या. तिला दोन्ही टोकांना पिना. ट्रेलरला बाहेरून ह्यांनी सॉकेट बसवलं होतं, घरातही सॉकेट, मग जोडायचं कसं? दोन्हीकडे पिना. हुशारीच म्हणायची एका परीनं. त्यावर चिठ्ठी — ‘आधी इकडे, मग तिकडे’. म्हणजे आधी ट्रेलरला लावायची आणि मग घरात. आता सकाळच्या घाईत, तोंडात दोरा, बाहेर गिऱ्हाईक उभं, मी आधी तिकडे लावली आणि मग इकडचं टोक हातात घेऊन निघाले. उघड्या पिना. काय सांगू तुम्हाला, दात वाजले माझे, हात खांद्यापर्यंत गेला असं वाटलं, वायर पडली म्हणून वाचले. आणि ओरडले मी. चांगलीच ओरडले. हे धावत आले, पायात एकच चप्पल, काय झालं काय झालं — आणि मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, झुरळ. एवढं मोठं झुरळ होतं. हे वायरीकडे बघत होते, मग माझ्याकडे. म्हणाले, झुरळ होय. मी म्हटलं, हो ना. मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर हेच म्हणाले, दमलीस तू, जा दोन दिवस बहिणीकडे. किती वर्षांनी म्हणाले असतील! गेले मी. परत आले तर हे दारातच उभे, चल दाखवतो. नवीन वायर. एका टोकाला पिना, दुसऱ्या टोकाला झाकलेलं तोंड, आणि आत ही मूठ — वर केली की घर, खाली केली की जनरेटर. म्हणाले, जरा सुधारणा केली. मी काय करणार, कौतुक केलं. रविवारी माझा भाऊ आला होता, त्याच्यासमोर तर तोंडभरून केलं, म्हटलं इंजिनियरला जमलं नसतं, आणि हे मान खाली घालून हं हं करत होते, लाजल्यासारखे. पण दादा, हात तेच, पुस्तकही तेच, आणि पुढचा भाग तर अजून वाचनालयात नाहीच. माझं मी बघून घेते हो, उलटा हात, रबरी चपला, मला माहीत आहे कुठे काय चावतं. पण उद्यापासून वसतिगृहाचं काम आहे, अडीचशे गणवेश, आणि माझ्याबरोबर चार जणी बसणार इथे दिवसभर. दोघींना घरी तान्ही मुलं आहेत. त्यांना मी काय सांगू, उलट्या हातानं उघडा? दोघींच्या सासवा विचारायला आल्या होत्या, नीट आहे ना सगळं, आणि मी हो म्हटलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. घ्या, उघडा ते, स्क्रू डावीकडचा सैल आहे.

काय झालं? एवढं वाईट आहे? बोला तरी. — मग हसताय कशाला? नाही, स्पष्ट सांगा, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका, ते मला कळतं. चांगलं आहे म्हणजे? दोन्ही एकदम चालूच होणार नाही? आणि हिरवी जिथे हवी तिथे आहे? कडीला लावून बघा तुमचा तो टेस्टर. काहीच नाही? — आता तुम्ही म्हणताय तर, तीन आठवडे झिणझिण्या आल्या नाहीत खऱ्या. मी म्हटलं चपला नव्या घेतल्यात म्हणून असेल. म्हणजे ह्यांना जमलं? अगं बाई. जमलं की ह्यांना! आणि मी —

झाकणाच्या आतून काही लिहिलंय? बघू. चष्मा... थांबा. तारीख आहे. आणि हा फोन नंबर कुणाचा? तुमच्या दुकानाचा? तुमच्या दुकानाचा नंबर आमच्या झाकणात कसा? भागीदार आला होता. तुमचा भागीदार इथे आला होता. मी बहिणीकडे असताना. म्हणजे तुम्हाला फोनवरच माहीत होतं, म्हणून तेव्हापासून हसताय तुम्ही — आणि मी नखांपासून नळापर्यंत सगळं सांगत बसले! काय म्हणाले होते हे त्याला? चिठ्ठ्यांना हात लावू नका. आणि? तिरकी पट्टी तिरकीच ठेवा, नाहीतर हिला कळेल.

हे बरं आहे. म्हणजे माझ्या तोंडावर सुधारणा केली म्हणून सांगायचं, भावासमोर माझ्याकडून कौतुक करून घ्यायचं — इंजिनियरला जमलं नसतं म्हणाले हो मी! — आणि आपण मान खाली घालून हं हं. बत्तीस वर्षांचा संसार आणि सरळ खोटं? — काय? माझं वेगळं होतं. मी ह्यांच्यासाठी करत होते. वेगळं कसं नाही? हसू नका, दादा, प्लंबरची गोष्ट वेगळी आहे. ती... बरं, हसा.

आणखी काय म्हणाला तुमचा भागीदार? सांगा आता, काही उरलंय का लपवायचं. — असं म्हणाले? ‘ती झुरळाला ओरडत नाही, हातानं उचलून टाकते’? आणि मग तिथे बसूनच राहिले? त्या स्टुलावर? वायर घेऊन? किती वेळ? — तो काम करत होता तोवर सगळा वेळ.

मला वाटत होतं, माणूस शीळ घालतो म्हणजे खूष आहे.

मग नळाचंही माहीत असेल का हो ह्यांना? तुम्हाला कसं माहीत असणार म्हणा. फळीचं असेल. ती तेवढीच उतरती ठोकून घेतली मी, माप घेऊन, आणि हे त्या दिवशी तिच्यासमोर बराच वेळ उभे होते, मग म्हणाले, छान झालीय नाही? मी म्हटलं, तुमचीच आहे. — देवा.

लावून टाका ते झाकण. आणि आवरा, फाटक वाजलं, आले वाटतं. नाही, पडद्यामागे कशाला जाताय? पेटी झाकू नका. समोरून जा, ह्या दारानं, हत्यारांची पेटी हातात, तिच्यावरचं दुकानाचं नाव ह्यांना दिसेल अशी धरून. नमस्कार करा, पण बोलू काही नका. मला तोंडानं सांगता येणार नाही, आणि ह्यांनाही विचारता येणार नाही, तुम्ही नुसते दिसलात की पुरे. — चला, निघा आता. मला ह्यांच्यासाठी चहा ठेवायचाय.