पंचनाम्याचे पेरू

आमच्या कळसला पंचायतीच्या जमिनीचे तुकडे पाडून कसायला दिलेत, ते तुमाला ठाऊक हाय. माझ्या शेजारचा तुकडा तात्यांचा, पेरूची बाग. औंदा वादळी वाऱ्यानं सगळा माल झडला. पडलेले पेरू तसंच ठेवले तर फळमाशी लागती, म्हणून तात्यांनी खड्डा काढून पुरून टाकले. मग कळालं, पंचायतीच्या जमिनीवरचं नुकसान सरकार भरून देणार. पंचनाम्याला साहेब आले.

झाडं हिरवीगार, खाली एक पेरू न्हाय. आणि तात्यांनी साहेबांपुढं ठेवले पाटीभर पेरू, एकेक निवडलेला. बागेत आलेला माणूस तसाच कसा धाडायचा?

साहेबांनी एक खाऊन बघितला. "गोड आहे. कुठला हो, तात्या?"

तात्यांची मान ताठ. "आपल्याच बागेतला."

मी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेनला टोपण घातलं. "मग नुकसान कशाचं लिहू?"

तवा तात्यांची बायको, आमच्या काकूच पुढं झाल्या. "साहेब, ह्ये खोटं बोलत्यात. सकाळी बावड्याच्या बाजारातनं इकत आणलेत."

साहेबांनी हातातल्या पेरूकडं बघितलं, मग तात्यांकडं. परत टोपण काढलं. "पेरूच्या बागवाल्यानं पेरू विकत आणला, म्हणजे झाडावर काहीच उरलं नाही. पूर्ण नुकसान लिहितो."

तात्या खाली मान घालून हळूच म्हणाले, "नुकसान किती बी लिवा, साहेब. इकत आणले, त्येवढं लिवू नका."