सतरा नंबर आणि माझे सासरे

...बरं, चूक माझी! झालं समाधान? पण आधी ऐकून तर घ्या! अहो, एखाद्याला काम सांगितलं आणि धड कळलं नाही, तर माणूस काय करतो? विचारतो! 'साहेब, हे का ते?' जीभ झिजते का? पण ही कमांड-लाइन... काळी खिडकी, लुकलुकणारी रेघ, आपण हुकूम टाइप करायचा आणि हिनं? विचारायचं नाही, आपल्या मनानं ठरवायचं!

तुम्हाला सांगतो, मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात. ऑपरेशनच्या याद्या माझ्याकडे. आणि डोळ्यांच्या यादीत माझे सासरे! मोतीबिंदू! चार महिने वाट बघतायत, आणि कुठं बसून? माझ्या घरी! रिटायर्ड बॉयलर इन्स्पेक्टर हो... कुकरसमोर खुर्ची टाकून बसतात. 'जावईबापू, शिट्टीत दम नाही.' गीझरला कान लावतात. 'जावईबापू, हा फार दिवसांचा सोबती नाही.' ऑपरेशन झालं की हे आपल्या गावी, या एका आशेवर दिवस ढकलत होतो मी!

तर केस नंबर सतरा, एक ट्रक ड्रायव्हर, हा असा आडदांड गडी, त्यानं कळवलं, 'मला सुईची भीती वाटते, मी नाही येत.' नको येऊस बाबा! एका ओळीचं काम. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे त्या खिडकीला द्यायच्या हुकुमांच्या चिठ्ठीत, लिहिलं, यादीतून काढ, सतरा. आता हे काढायचं काम करते लायब्ररी. पुस्तकांची नव्हे हो! दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेली तयार कामं, त्यांना लायब्ररी म्हणतात. आणि त्या महापंडितांनी 'काढ' नावाची दोन कामं लिहून ठेवलीत! आकडा दिला तर त्या जागेवरचा माणूस काढायचा, अक्षरं दिली तर त्या केस नंबरचा. नाव एकच! अहो, जुळी झाली तरी आईबाप नावं वेगळी ठेवतात! आमचे केस नंबर साठवलेत अक्षरं म्हणून, मी दिला नुसता सतरा. कमांड-लाइन म्हणाली, आकडा दिसतोय, चला, सतरावी जागा! विचारलं? छे! विचारायचं नाही, आपल्या मनानं ठरवायचं! आणि ही मोजते कुठून? शून्यापासून! म्हणजे गेला अठरावा. अठरावे कोण होते, सांगू का तुम्हाला?

बरं, चूक झाल्याची एखादी लाल ओळ? नाव नको! काम फत्ते करून रेघ आपली लुकलुकतेय...

ऑपरेशनच्या दिवशी सासरे पहाटेच अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, उपाशीपोटी बाकावर. शेजारी माझी बायको आणि मी. सिस्टर ओरडतायत, 'केस सतरा! अहो, केस सतरा आहेत का?' तीन हाका! तो कशाला येतोय? मग त्यांनी यादी संपवली, फाईल मिटली. सासरे उठले. 'सिस्टर, मी?' 'आजोबा, तुमचं नाव नाही यात.' 'नीट बघा हो बाई... मला वाचता येत नाही आता.' आणि मागे हात नेऊन बाकाची कड चाचपायला लागले. बॉयलरवर डाफरलेला माणूस हो! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा मी!

वर आमचे साहेब, नाकानं कांदे सोलत, 'लायब्ररीची माहिती वाचायची असते आधी. सतराच्या अलीकडे चौकटी कंसात लिहा की ही अक्षरं आहेत, मुकाट ऐकते.' हे आज सांगताय? लावला कंस. ऐकलं की मुकाट! ड्रायव्हरच निघाला यादीतून. पण सर्जन म्हणाले, आता तारीख तीन महिन्यांनी.

घरी आलो. म्हटलं, पाया पडावं, सगळं कबूल करावं. पाणी प्यायलो, घसा खाकरला, म्हटलं, 'बाबा, तारीख तीन महिन्यांनी...' पुढचं ऐकलं का त्यांनी? फोन उचलला, गावी लावला. 'हॅलो, मी अजून सहा महिने इथंच. हो, सहा! एक डोळा झाला की दुसरा. अरे, जावईबापू सोडायलाच तयार नाहीत!' आणि फोन ठेवून माझ्या कपाटातले माझे शर्ट बाजूला सारायला लागले. बायको बघतेय माझ्याकडे. यादीतून मीच उडवलंय त्यांना!

विचारायचं नाही, आपल्या मनानं ठरवायचं! अहो, त्या यंत्राला निदान अलीकडे कंस तरी लावता येतो... सासऱ्यांना कुठं लावू?