गोवराच्या वेळच्या पेशी

उप्सालाच्या इस्पितळात गुनहिल्डबाई रक्ततपासणीचा नंबर धरून बसल्या होत्या. शेजारी कॉफीच्या यंत्रापाशी प्रयोगशाळेतल्या दोघी उभ्या होत्या, पोक्त इंगेला आणि नवखी एब्बा.

"एब्बा, वेलचीचा पाव हातातच राहिलाय तुझा. काय झालं?"

"सगळ्यावर पाणी पडलं, इंगेला. प्लेटमधल्या पांढऱ्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत होत्या. आज एकही नवी नाही. मेल्या."

"मेल्या कशावरून?"

"वाढायच्या थांबल्या ना! प्लेट टाकली कचऱ्याच्या डब्यात."

"अगं बये! भोवतीचा द्रव तपासलास?"

"तो कशाला?"

"अगं, ही पेशी पूर्ण तयार झाली की दुभंगणं कायमचं सोडते आणि नुसती रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भोवतीच्या द्रवात ओतत बसते. सेकंदाला हजारो!"

"एकटी?"

"एकटी. पळ आता, जंतू मारायला डबा उकळायला नेतील!"

एब्बा पाव तिथंच टाकून पळाली. गुनहिल्डबाईंना राहवेना.

"एक विचारू का? अशा पेशी जगतात तरी किती?"

"काही थोडेच दिवस. काही मात्र हाडांच्या मगजात ठाण मांडून जन्मभर. तुम्हाला लहानपणी गोवर आला होता?"

"आला होता ना! आई उशाशी बसून होती. पण त्याला सत्तर वर्षं झाली हो."

"ते तेव्हाच्या पेशींना कुणी सांगितलंय? त्या अजून कामावर आहेत."

नंबर लागला. नर्सनं सुई हातात घेतली, तशी बाहीवर हात ठेवून बाई हळूच म्हणाल्या,

"जपून घे गं. आत कामं चाललीयत."